गच्चीवरची तार

समजा, तुम्ही नागपूरला राहता आणि तुमचा मामेभाऊ गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीला. दोघांकडेही हौशी रेडिओचा परवाना आहे. आता आकाशक, म्हणजे एरियल, कोठे टांगाल? देवरीत परसात दोन झाडे असली की काम झाले. तुमची गच्ची मात्र सहकारी गृहसंस्थेची! सरकारी परवाना रेडिओ चालवण्याचा असतो, गच्ची वापरण्याचा नव्हे. संस्थेच्या समितीकडे लेखी अर्ज करावाच लागतो. अमेरिकेतही असेच आहे. तेथील दळणवळण आयोगाने 1985 साली हौशींच्या आकाशकांना वाजवी मुभा द्यायला लावली ती नगरपालिकांना. खाजगी वसाहतींचे करार त्यातून वगळले.

समितीला धास्ती असते उंच मनोऱ्याची. म्हणून अर्जात मापे लिहा. 300 ला मेगाहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. 145 मेगाहर्ट्‌झला ती सुमारे 2 मीटर. तिच्या निम्मा आकाशक कपडे वाळत घालायच्या काठीहूनही आखूड! पण या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि देवरी तर सुमारे 130 किलोमीटर दूर. मध्ये पृथ्वीची गोलाई आडवी येते.

मग 7 मेगाहर्ट्‌झ घ्या. निम्मी तरंगलांबी साडेएकवीस मीटर. प्रत्यक्षात तार पाचएक टक्के आखूड, म्हणजे वीस मीटरच्या किंचित वर ठेवतात आणि मधोमध तोडून तेथे केबल जोडतात. गंमत पाहा! ही आडवी तार जमिनीपासून दहाएक मीटरवरच, म्हणजे दुमजली इमारतीच्या गच्चीवर असली, तर बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते. आयनांबरावरून परतून ती दोनतीनशे किलोमीटरांच्या परिसरात उतरते. तेव्हा दिवसा देवरीला हाक मारायला मनोरा नकोच. खालून सहसा नजरेस न येणारी तार पुरते. रात्री आयनांबर विरळ झाले की तीच हाक जवळच्यांना ओलांडून दूर जाते.

समितीला हेही सांगा: डिसेंबर 2004 मध्ये काही हौशींनी पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात केंद्र मांडले होते. 26 तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले आणि अंदमानची खबर त्यांच्या रेडिओवरून बाहेर गेली.

समितीने अट घातली नाही तरी तार तुटून पडली असता विजेच्या तारांना लागणार नाही, अशीच जागा निवडा. काम मोठ्या जाणत्या माणसाबरोबरच करा. संदेश पाठवताना तारेच्या टोकांशी विद्युत्-दाब सर्वांत जास्त असतो. ती कोणाच्या हाताला लागता कामा नयेत. आणि आभाळ भरून येऊ लागले, की गडगडाटाची वाट न पाहता केबल यंत्रापासून सोडवा. मामेभावालाही तसे आधीच कळवून ठेवा.