आत्तीच्या कानाची पाळी

आमच्या कळंब्याच्या आत्तीनं चाळीस वर्षं कानात सोन्याच्या कुड्या वागवल्या. लग्नकार्य आलं की त्यांच्या जोडीला झुबे. भोकाची हळूहळू चीर झाली. गेल्या दिवाळीत मांडीवरच्या नातवानं झुबा ओढला आणि उजव्या कानाची पाळी खालून सरळ उघडी पडली. डाव्या कानात खाली सुतभर कातडी तेवढी शिल्लक राहिली होती.

त्या डाव्या कानाचा एक उद्योग आधीच होऊन गेला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून आत्ती एका पार्लरमध्ये ‘बिनटाक्याचा कान’ जोडून घ्यायला गेली. तिथं चिरेत कसलंसं औषध लावून वर पट्टी चिकटवली. असली औषधं बहुतेक आम्लाचीच असतात. ती कातडी भाजतात, मग भाजलेल्या कडा एकमेकींना चिकटतील अशी आशा करायची. आत्तीची पाळी पंधरा दिवस चिघळली आणि चीर होती तिथंच राहिली. घरात तिनं हे दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. पदर कानावरून असायचा, आम्हाला वाटायचं वारं लागतंय.

शेवटी रिक्षा करून तिला कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका प्लास्टिक सर्जनकडे नेलं. रिक्षात तिनं खरी शंका काढली, “कानात पलास्टिक बसवत्यात व्हय रं?” डॉक्टरांनाही तिनं तेच विचारलं. ते हसले नाहीत, हा प्रश्न त्यांच्या रोजच्यातलाच असावा. ‘प्लास्टिक’ हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ आकार देणं, कुंभार मातीला देतो तसा. “तुमचंच कातडं मावशी, बाहेरचं काय नाही,” एवढंच ते म्हणाले. मग बीपी आणि साखर तपासली, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का विचारलं. तंबाखू? आत्ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मिश्री.” ती बंद करायला सांगितली, कारण तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

बाहेरच्या बाकावर तासभर बसलो, तेवढ्यात या व्यवसायाचा निम्मा भाग कळला. माझ्या शेजारी लग्न ठरलेली एक मुलगी आईबरोबर आली होती, नाक बारीक करायचं होतं. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरांनी तिच्या हातात आरसा दिला आणि म्हणाले, “काय खटकतं ते बोटानं दाखव.” मुलीनं नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा दाखवला, आईनं शेंडा. दोघींचं बोट एका जागी येईना. लग्न दीड महिन्यावर होतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, लग्नानंतर या. नाकाची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते, दीड ते तीन तास चालते. नंतर आठवडाभर नाकावर कडक पट्टी राहते, डोळ्यांखाली काळंनिळं होतं, ते उतरायला दोन आठवडे जातात. सूज मात्र आतून मुरत राहते, खरा आकार वर्षानं कळतो. दीड महिन्यात फोटोत सुजलेलं नाकच आलं असतं. गिऱ्हाईक परत पाठवणारा डॉक्टर मला तरी पसंत पडला.

पापण्यांचं काम त्या मानानं सोपं. वरच्या पापणीची लोंबलेली कातडी तिथल्याच घडीत कापतात, त्यामुळे वण घडीत लपतो आणि टाके आठवड्याच्या आत निघतात. चेहरा ताणून घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. व्रण कानापुढून कानामागे केसांत जातो, लोकांत मिसळण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि वय पुढं चालतच राहतं. यातलं निव्वळ सौंदर्यासाठी केलेलं काही आरोग्यविम्यात बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतर चेहरा नीट करायचा असेल तर विमा लागू होऊ शकतो.

आत्तीला आत घेतलं. लहानसंच काम म्हणून मलाही कोपऱ्यात उभं राहू दिलं. डॉक्टरांनी डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला आणि आधी जांभळ्या पेनानं पाळीवर रेघा मारल्या. सुई टोचल्यावर पाळी फुगते आणि तिचा मूळ आकार बिघडतो, म्हणून रेघा आधी. मग बधिर करायचं इंजेक्शन. पाळी पांढरीफटक पडली, कारण त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं औषधही असतं. आत्ती एकदाच “आय्या गं” म्हणाली, पुढं गप्प.

मला वाटलं होतं, दोन्ही पाकळ्या जुळवून टाके घालतील. पण आधी त्यांनी चिरेच्या आतली कातडीच सोलून काढली. इतक्या वर्षांत चिरेला आतून स्वतःची कातडी आली होती आणि कातडी कातडीला कधीच जुळत नाही. जखमेला जखम जुळते. त्या पार्लरच्या औषधाला बहुधा हेच साधायचं होतं, नुसतं भाजून. दोन्ही कडा ओल्या, लाल झाल्यावर पाळीच्या खालच्या काठाला त्यांनी छोटासा नागमोडी छेद दिला. सरळ रेघेत शिवलं तर वण आकसतो आणि काठाला खाच पडते. मग केसाइतक्या बारीक दोऱ्यानं पुढून पाच, मागून चार टाके. दोन्ही कानांना मिळून पाऊण तास. रक्त म्हणाल तर दोन बोळे.

फाटकी पाळी जोडणं आजचं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कानाचाच आहे. कान टोचायचा कसा आणि फाटलेली पाळी जोडायची कशी, त्याचे पंधरा प्रकार त्यात सांगितले आहेत. नाक नवं करायची रीत येते ती त्याच अध्यायात, कानाच्या पाठोपाठ.

नाकाचा तो धागा पुढं आपल्या पुण्यापर्यंत येतो. 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांनी इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक केलं. मेणाचं नाक करून ते सपाट केलं, कपाळावर ठेवून भोवती रेघ मारली, तेवढं कातडं भुवयांमधला देठ राखून सोडवलं आणि खाली वळवून बसवलं. चिकटवायला काथ, आपण पानाला लावतो तोच. पुढं तुपात भिजवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला देठ कापला. ही हकीकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 ला छापून आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं 1814 मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कर्करोगानं नाक गेलेल्यांना आजही कपाळाचंच कातडं देतात. कावसजीचं नाव छापलं गेलं. नाक करणाऱ्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

सहाव्या दिवशी आत्तीचे टाके काढले. वण राहणार, हे तिला आधीच सांगितलं होतं. पाळीवर तो फुगून गाठ होण्याचाही संभव असतो, म्हणून तीन महिने रोज बोटानं चोळायचं. ती ते कळंब्याच्या तळ्यावर सकाळी फिरताना करते. डॉक्टरांच्या नावापुढं प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. आहे का ते बघून जा, असं ती आता फिरायला येणाऱ्या बायकांना सांगते. तिला स्वतःला ती अक्षरं वाचता येत नाहीत.

तीन महिन्यांनी नवं भोक पाडलं, जुन्या वणाच्या जरा बाजूला. वणावर पाडलं असतं तर परत फाटलं असतं. जुने झुबे आम्ही गुजरीत मोडायला नेले. सोनारानं घट धरून जे दिलं त्यात हलक्या बाळ्या आल्या आणि वर डॉक्टरांचं बिल भागलं.