जुनी स्पोर्ट्स कार आणि पेढीचा हिशेब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील कापड आणि सूत व्यापाऱ्यांच्या घरांत आता पुढची पिढी गल्ल्यावर बसू लागली आहे. मुले शिकलेली आहेत, धंद्याची जाण आहे आणि वयाप्रमाणे शौकही आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात चार-पाच वर्षे वापरलेली दोन दारांची विदेशी गाडी नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसली, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : "अब्बा, पेढीच्या नावावर घेऊ, टॅक्समध्ये निघून जाईल."

हलाल कमाईतून कोणी शौक केला तर आमची तक्रार नाही. पण 'टॅक्समध्ये निघून जाईल' याचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही. तो मांडून पाहू.

समजा, भागीदारी पेढीने १५ लाखांची जुनी गाडी घेतली. मोटारीवर घसारा १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी २,२५,००० रुपये. गाडी जुनी असली तरी दर तोच, आणि तो आपण दिलेल्या किमतीवर. ही रक्कम नफ्यातून वजा होते, करातून नव्हे. येथेच बहुतेकांची गफलत होते. पेढीला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला, तर वाचले ७०,२०० रुपये. गाडी निम्मी घरच्या कामाला फिरली, तर ३५,१००. आणि दिवाळीच्या तोंडावर खरेदी झाली, त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी भरला, तर त्याचेही निम्मे. १५ लाख घालून साडेसतरा हजार! पुढच्या वर्षी घसारा उरलेल्या किमतीवर, म्हणजे आणखी कमी. पेट्रोल, विमा, दुरुस्ती यांचीही वजावट मिळते, पण ती याच प्रमाणात.

छोट्या व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे गणित याहून वेगळे आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असणारे आपले अनेक बांधव ठोक पद्धतीने उलाढालीच्या ८ टक्के (बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवतात. त्यात घसारा आधीच वजा झाला असे कायदा मानतो. गाडी घ्या किंवा घेऊ नका, कर तेवढाच. शिवाय २०२५-२६ या वर्षापासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला सवलतीमुळे कर पडत नाही. जिथे करच नाही, तिथे वाचणार काय?

आता रोखीचा मुद्दा. आपल्यात सूद नको म्हणून कर्ज न काढता साठवलेल्या पैशातून गाडी घेणारे पुष्कळ आहेत. नियत चांगली आहे. पण पैसे नोटांच्या पुडक्यात दिले की सगळा मामला बिघडतो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूपोटी एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही; २०१७ पासून हा नियम आहे. म्हणजे १५ लाख रोख दिले, तर घसाऱ्यासाठी गाडीची किंमत शून्य. आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्या विक्रेत्यावर तेवढाच दंड बसू शकतो. बिनसुदी खरेदी जरूर करा, पण पैसे पेढीच्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसने द्या.

गाडी कामाला किती आणि घरी किती, हे ठरवणार कोण? शेवटी अधिकारी. नोंद नसेल तर तो अंदाजाने कापतो. म्हणून गाडीत एक साधी वही ठेवावी : तारीख, किलोमीटर, कुठे गेलो, कोणाकडे. 'सुरत, यार्न खरेदी' लिहिले, तर त्या दिवसाचे बिल दप्तरात असावे. जकातीच्या हिशेबात गाडी येत नाही, घरची असो वा धंद्याचे साधन असो. इन्कम टॅक्समध्ये मात्र हाच फरक सगळे ठरवतो. दोन आसनांच्या गाडीत कापडाचे चार तागे बसत नाहीत आणि पावसाळ्यात भिवंडीच्या खड्ड्यांतून ती नेणे म्हणजे वेगळीच परीक्षा. अशी गाडी पूर्णपणे धंद्याची आहे असे लिहून देताना मुनीमजींचा हातही थरथरेल. नवा टेम्पो घेतला, तर नियमित जीएसटी भरणाऱ्याला त्यावरचा कर वळता मिळतो. अशा मोटारीवरचा मिळत नाही.

एकेकाळी तर परदेशी बनावटीच्या मोटारीला घसाराच नव्हता. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर आणि १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या अशा गाडीवर, पर्यटकांना भाड्याने देण्याचा किंवा परदेशातील धंदा सोडला तर, काही मिळत नसे. आमच्या वेळचे सेठ लोक अशी गाडी घेत, ती सरळ स्वतःच्या खिशातून!

विकतानाचा हिशेबही आधी करावा. जीएसटी नोंदणी असलेल्याने घसारा घेतलेली गाडी विकली, तर वहीत उरलेल्या किमतीपेक्षा जास्त आलेल्या रकमेवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. वहीत साडेबारा लाख आणि विक्री तेरा लाखांना झाली, तर ५०,००० वर ९,००० रुपये. तोट्यात विकली तर नाही.

इतके करूनही घ्यायचीच असेल, तर बयाणा देण्यापूर्वी थकीत ई-चलने आणि आर.सी.वरील कर्जाचा बोजा पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. परराज्यातील गाडी असेल तर ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा रस्ता कर किती पडेल, हे किंमत ठरवण्याआधी आर.टी.ओ.त विचारा. नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा बदलून घ्यावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.