आजीची पाटी

नागपुरात महाल भागातल्या एका प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गात, मी मुलांना ‘सत्तर वर्षांचा मी’ असे चित्र काढावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांनी काठी, चष्मा आणि वाकलेली पाठ एवढ्यावरच आपले सत्तरावे वर्ष उरकले, एका मुलीने मात्र गच्चीवर मुगवड्या घालणारी बाई काढली आणि मी विचारताच म्हणाली, “माही आजी घालते ना, आईले नाही जमत तशा.”

वार्धक्याविषयीच्या कल्पना मुलाच्या मनात चौथ्या वर्षापासूनच रुजू लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो. आणि आपल्या म्हातारपणाकडे आशेने पाहणारी माणसे सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली, असे अमेरिकेतील संशोधक बेका लेव्ही यांना २००२ साली आढळले. आमच्या मुलांना तर ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण अर्थासह पाठ करावी लागते.

वस्तुतः मराठी मुलाच्या जगात म्हातारी किती दिमाखाने वावरते! रुईचे बोंड उकलले की रेशमी तंतूंवर तरंगत निघालेल्या बीजालाही मुले ‘म्हातारी’ म्हणतात, आणि वाऱ्यावर दूर जाऊन नवे झाड उभे करण्याचे काम तीच करते. लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणारी, वाघ-कोल्ह्यांना चकविणारी ती दुसरी म्हातारी तर माझ्या मते बालवाङ्मयातील सर्वांत चतुर नायिका होय. वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर ‘यात सर्वांत हुशार कोण?’ एवढेच विचारावे. मुले एकमुखाने जे उत्तर देतात, ते त्या म्हणीचा बंदोबस्त करावयास पुरेसे असते.

परंतु माझे मन सर्वाधिक रमते ते ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी, मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने, ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. आणि ज्या स्त्रियांनी जन्मभर प्रत्येक दस्तऐवजावर केवळ अंगठा उठविला, त्या साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या, गुलाबी साडीचा गणवेश नेसून, दप्तर घेऊन, घरकाम आटोपल्यावर दुपारी वर्गात बसू लागल्या. शिकविणारी गावचीच सून, आणि समोरच्या विद्यार्थिनींत तिची सासू! घरी गृहपाठाला अडलेल्या आजीला नातवंडे मदत करतात. ज्या मुलाने आजीचे थरथरते बोट धरून पाटीवर ‘अ’ गिरविला, ओळ चुकली म्हणून ती खुदकन हसताना पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तेच अक्षर तिने बिनचूक काढलेले पाहिले, त्याला म्हातारपण म्हणजे शिकणे संपणे, हे कोण पटवू शकेल? अज्ञानाची लाज टाकून नातवासमोर शिष्य होणाऱ्या त्या स्त्रियांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

शिक्षण खात्याने २०२३ साली शाळाशाळांतून ‘आजी-आजोबा दिवस’ साजरा करण्याचा हुकूम काढला, ही स्तुत्य गोष्ट आहे. तथापि हार, पाद्यपूजा आणि टाळ्या एवढ्यावर तो दिवस संपला, तर वृद्ध पाटावर आणि मुले सतरंजीवर, हे अंतर तसेच राहील. नागपूरजवळच्या वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम ही हस्तोद्योगाधारित शिक्षणपद्धती पुढे आली. हाताला काम दिल्याने ज्ञान येते, हा तिचा आधार इथेही उपयोगी पडेल.

आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि मोठ्यांकडून बोजारा, म्हणजे भेट, घेतात. कित्येक घरांत तो बैल आजोबांच्या लहानपणचा असतो. त्याचे निखळलेले चाक बसविणे, शिंगे रंगविणे, हे त्यांच्याइतके कोणाला साधत नाही. नागपूरच्या शिक्षकांना माझी विनंती अशी की, पुढच्या तान्ह्या पोळ्याआधी आठवडाभर चार आजोबांना वर्गात बोलवावे, मुलांनी त्यांच्या हाताखाली बैल दुरुस्त करावेत, आणि त्या वर्षीचा पहिला बोजारा मुलांनी त्यांना द्यावा.