मोर्चा आणि मांडव

अमेरिकेचे राजकारण भांडणावर चालते की सहमतीवर, हा तिथल्या अभ्यासकांचा जुना वाद. चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ मध्ये खुद्द राज्यघटनेमागे आर्थिक हितसंबंधांची झुंज दाखवली. लुई हार्ट्झ यांनी १९५५ मध्ये उलट सांगितले: अमेरिकन माणूस कितीही भांडला तरी मालमत्ता आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांवर सगळ्यांचे एकमत आहे. मग १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध कशात बसवायचे, असे कुणी विचारले की हार्ट्झपंथीयांची अडचण होते.

भांडण की सहमती, हा प्रश्न सोलापुरात विचारायचा तर नरसय्या आडम यांच्यापासून सुरुवात करावी. आडम मास्तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, १९७८ मध्ये प्रथम आमदार झालेले. विडी कामगारांचे मोर्चे हीच त्यांची ओळख. पण त्यांच्या कामाचा हिशेब मांडायचा तर मोर्चाबरोबर मांडवही धरावा लागतो. विडी वळणाऱ्या बायकांसाठी सोलापूरजवळच्या कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरांची. २००६ मध्ये त्या घरांचा ताबा देण्याचा सोहळा मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाला. तेव्हा डावे पक्ष केंद्र सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते, त्यामुळे भुवया उंचावल्या नाहीत.

खरी परीक्षा पुढची. असंघटित कामगारांच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये नरेंद्र मोदी यांनी केली. आडम मास्तरांनी मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांचे जाहीर कौतुक केले आणि पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. यंत्रमागावर राबणाऱ्याला, कचरा वेचणाऱ्याला हक्काचे छप्पर मिळणार, यापुढे दोन ओळींच्या कौतुकाची किंमत ती काय, असे सोलापूरला वाटावे. पक्षाला तसे वाटून चालत नाही. पक्षाचेही चुकले नव्हते: विरोधकाने मंचावर चढून टाळ्या वाजवल्या तर मतदाराने विरोध कुठे शोधायचा? १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण मोदींच्याच हस्ते झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत शहर मध्य मतदारसंघात भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले आणि आडम मास्तर हरले.

म्हणजे हार्ट्झचे सूत्र इथे उलटे लागते. तिकडे तत्त्वावर एकमत आणि वाटणीवरून भांडण. इथे तत्त्वावर हाडवैर आणि कामापुरती समजूत. सांगोल्याचे गणपतराव देशमुख याच जातकुळीतले. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर अकरा वेळा आमदार, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्री, बाकी आयुष्य बहुतेक विरोधी बाकावर. दुष्काळी तालुक्यांना पाणी मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीच्या पाणी परिषदेत त्यांनी वर्षानुवर्षे लढा चालवला. पाण्याच्या मागणीवर पक्षभेद टिकत नाही, हे दुष्काळी पट्ट्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याचा अर्थ सहमती नेहमी सोज्वळ असते असे नाही. बिनविरोध निवडणुकीचे गावोगाव कौतुक होते, पण अर्ज कुणी मागे घेतला आणि कशासाठी, हे फलकावर लिहिलेले नसते. अशा एकमतापेक्षा मला खुले भांडण परवडते.

मात्र भांडणालाही एक अट असते: निकाल सगळ्यांनी मानायचा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत ती अटच डळमळली. उत्तम जानकर तालुक्यात निवडून आले, पण गावात प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना जास्त मते दिसली. मतदानयंत्रावर शंका घेऊन ग्रामस्थांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लागू झाली, पोलीस आले आणि मतदान थांबले. अमेरिकेतही ही अट डळमळली होती, पण ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेला जमाव हरलेल्या उमेदवाराचा होता आणि तिथे हिंसा झाली. मारकडवाडीत ना हिंसा झाली, ना उमेदवार हरला होता. शंका घेणारे जिंकलेल्याच्याच बाजूचे होते.