शोधयंत्राच्या रांगेत पुढचा नंबर



समजा, तुमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाने वर्षभर गावतळ्यावरचे पक्षी पाहिले, नोंदी ठेवल्या आणि त्यांचे एक छोटेसे संकेतस्थळ तयार केले. पण शोधयंत्रात कितीही शोधा, तुमचे पान काही वर येत नाही. नोंदी खऱ्या, कष्ट खरे, पण वाचक एकही नाही! मंडळाजवळ शिल्लक आहे जेमतेम दोनशे रुपये. पैसे भरून पुढचा नंबर मिळतो का? नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि ती जाहिरात आहे असे तेथे लिहिलेले असते. मूळ यादीतला क्रम गूगल विकत नाही. मग तो ठरतो तरी कसा?

शब्दांची सूची

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. 'बगळा' या शब्दापुढे पाने १२, ४७, ९० असे आकडे असतात. शोधयंत्रही हेच करते. त्याचा एक प्रोग्रॅम दुव्यांवरून या पानावरून त्या पानावर फिरतो, मजकूर वाचतो आणि कोणता शब्द कोठे आहे याची सूची तयार ठेवतो. तुम्ही प्रश्न विचारलात की तो जगभर धावत नाही. ही सूची उघडतो.

यावरून पहिला धडा मिळतो. मजकूर सूचीत जाईल असा हवा. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेले मराठी डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. म्हणून युनिकोडमध्येच लिहा. पानाचे शीर्षक 'मुख्यपृष्ठ' असे ठेवू नका. 'गावतळ्यावरचे हिवाळी पक्षी' असे नेमके ठेवा. भारद्वाजाला तुमच्या भागात कुंभार कावळा म्हणत असतील तर तेही नाव लिहा, कारण लोक त्याच नावाने शोधतील. मात्र एकच शब्द पन्नासदा घुसडू नका. ही युक्ती शोधयंत्रे केव्हाच ओळखू लागली आहेत.

चिंचोक्यांचा खेळ

एकच शब्द हजारो पानांवर असेल तर आधी कोण? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये यावर एक तोडगा मांडला. त्याचे नाव 'पेजरँक'. तो चिंचोक्यांनी समजून घेऊ.

अ, ब आणि क ही तीन पाने. 'अ'वर ब आणि क यांचे दुवे आहेत, 'ब'वर फक्त क चा आणि 'क'वर फक्त अ चा. प्रत्येकाला ४० चिंचोके द्या. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने आपले सगळे चिंचोके आपल्या दुव्यांना सारखे वाटायचे. पहिल्या फेरीनंतर अ, ब, क यांच्याकडे ४०, २०, ६० होतात. दुसऱ्या फेरीनंतर ६०, २०, ४०. फेऱ्या वाढत जातात तसतसे आकडे ४८, २४, ४८ यांच्याजवळ येतात. तेथून पुढे वाटून पाहा, काहीच बदलत नाही!

आता नीट बघा. अ आणि ब या दोघांनाही एकेकाचाच दुवा आहे. तरी 'अ'कडे दुप्पट चिंचोके का? कारण 'क' आपले सगळे त्यालाच देतो आणि 'ब'ला मात्र 'अ'च्या वाट्यातले निम्मेच मिळतात. म्हणजे दुवे किती यापेक्षा ते कोणाचे, हे महत्त्वाचे. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहते. पण हे तत्त्व अजून त्यात आहे.

मग मंडळाने काय करावे? कोणत्या महिन्यात कोणता पक्षी दिसला याचा तक्ता करावा आणि जिल्ह्यातील पक्षिमित्रांना, वाचनालयाला, शेजारच्या शाळांना तो दाखवावा. उपयोगी वाटला तर ते आपल्या पानावर दुवा देतील. दुवे विकत मात्र घेऊ नयेत. अशा दुव्यांना लगाम घालण्यासाठी गूगलने २०१२ मध्ये आपल्या पद्धतीत मोठा बदल केला. पकडले गेले तर पान मागे जाते.

वेगाचा हिशेब

पानावर ४ मेगाबाइटची २० छायाचित्रे असली, तर एकूण ८० मेगाबाइट झाले. सेकंदाला १ मेगाबाइट या वेगाने ती यायला ८० सेकंद लागतील. इतका वेळ कोण थांबेल? तीच छायाचित्रे लहान करून प्रत्येकी ०.२ मेगाबाइटची केली, तर ४ सेकंद पुरतात. २०१८ पासून मोबाइलवर पान किती वेगाने उघडते हेही गूगल क्रम लावताना पाहते.

शेवटी 'सर्च कन्सोल' या गूगलच्या विनामूल्य सोयीत आपल्या सर्व पानांची यादी द्या. कोणते शब्द शोधून लोक तुमच्याकडे आले तेही तेथे दिसते. फळ दिसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर तळ्यावर जात राहा. नवी नोंद हीच खरी भर!

करून पाहा : 'ब'वर 'अ'चाही दुवा घाला आणि खेळ पुन्हा खेळा. सर्वांत जास्त चिंचोके आता कोणाकडे जमतात?