खाली ऊन, वर बर्फ! छोट्या विमानाचं इंजिन हवेत कसं गोठतं?

कारधा (जि. भंडारा) : कारध्याच्या पुलावर घामाच्या धारा लागल्या असताना आकाशातल्या विमानाच्या इंजिनात बर्फ होऊ शकतो, हे पटायला जड जातं. पण ते खरं आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. डिसेंबर 2023 मध्ये तिथून हैदराबाद-तिरुपतीसाठी एटीआर विमानाची सेवाही सुरू झाली. म्हणून ही माहिती आपल्याही कामाची.

कार्ब्युरेटरमधला बर्फ

लग्नाच्या पंगतीत मोठी शेगडी पेटली की गॅस सिलिंडरला बाहेरून पांढरा थर धरतो. द्रवाची वाफ होताना थंडावा होतो, म्हणून. कार्ब्युरेटर असलेल्या लहान विमानांतही पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान 20 ते 30 अंशांनी उतरू शकतं. हवा दमट असेल तर बाहेर 25 अंश असतानाही आत बर्फ धरतो, हवेची वाट अडते आणि इंजिनाचा जोर कमी होतो. अशा वेळी वैमानिक एक दांडा ओढून कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडतो.

एटीआरमध्ये काय होतं?

एटीआरला कार्ब्युरेटर नसतो. तिथे धोका ढगांचा. वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं. खाली 32 अंश असले तरी साडेपाच किलोमीटरवर ते शून्याखाली जातं. ढगातले काही थेंब तिथेही पाणीच राहतात आणि विमानाला लागताच गोठतात. मोठी जेट विमानं बहुतेक ढगांच्या वरून जातात. एटीआर मात्र याच थरातून उडतं. म्हणून त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला आणि इंजिनाच्या तोंडाशी रबरी पट्टे असतात. ते फुगले की बर्फ तुटून पडतो. पंख्याची पाती विजेने तापवतात.

दोघांचा जीव गेला

27 फेब्रुवारी 2001 रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा इथे शॉर्ट्स 360 हे टपाल नेणारं विमान उडालं. आदल्या रात्रीपासून ते बर्फवृष्टीत उभं होतं. इंजिनाच्या तोंडाला झाकणं लावली नव्हती. आत साचलेला बर्फ उड्डाणानंतर सरकला आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. दोन्ही वैमानिक दगावले.

प्रवाशांनी एवढं लक्षात ठेवा

खाली ऊन असलं तरी वाटेतले ढग वेगळे असू शकतात. "हवामानामुळे उशीर" असं सांगितलं, तर काउंटरवर वाद घालू नका. तासभर उशीर परवडतो.