जर्मनीला जाण्याआधीची दोन वर्षं

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना तिकडे पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा जर्मनीने केली. दोन्हीकडचं नातं तसं जुनंच आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत, बॉशचा कारखाना नाशिकला आहे आणि मर्सिडीज, फोक्सवॅगन चाकणला. नवीन गोष्ट ही, की इंजिनिअरांच्या जोडीला आता परिचारिका, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही या वाटेला लागले आहेत.

त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि तो रास्तच आहे. पण तिथे कोण टिकेल आणि कोण हात हलवत परत येईल, हे बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच्या दोन वर्षांत ठरून जातं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे तयारीच्या क्रमाने घेतले आहेत.

कोणत्या व्हिसावर जायचं?

पदवी आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड. २०२५साठी त्याची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती. टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी ती याहून कमी असते. आयटीतला तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल तर पदवीवाचूनही ते मिळू शकतं. नोकरी हातात नसलेल्यांसाठी १ जून २०२४पासून 'चान्सनकार्ट' आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे मिळून किमान सहा गुण भरले, की नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं आणि आठवड्याला वीस तास काम करता येतं. पण त्या वर्षाच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते. २०२५मध्ये ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांच्या वर युरो होती. कर्ज काढून हा डाव खेळू नये, कारण हे कार्ड नोकरी देत नाही, ती शोधायची फक्त मुभा देतं.

इथलं प्रमाणपत्र तिथे चालतं का?

सगळ्यात जास्त घोडं इथेच अडतं. संगणक किंवा यंत्र अभियंत्याला सहसा वेगळा परवाना लागत नाही. त्याचं विद्यापीठ आणि पदवी 'आनाबिन' या सरकारी सूचीत मान्य आहे का, एवढं पाहायचं. आयटीआयवाल्यांचे कागद तिथल्या उद्योग किंवा हस्तव्यवसाय मंडळांकडे तपासणीला जातात. मार्च २०२४पासून त्यांना एक नवी सवलत मिळाली आहे. प्रशिक्षण किमान दोन वर्षांचं असेल, जर्मन ए२ या प्राथमिक पातळीपर्यंत येत असेल आणि मालक तयार असेल, तर आधी कामावर रुजू होऊन मान्यतेची प्रक्रिया तिथे पूर्ण करता येते.

डॉक्टर आणि परिचारिका यांना मात्र मान्यतेशिवाय आपल्या हुद्द्यावर काम करता येत नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीचा अभ्यासक्रम तिथलं राज्य तपासतं आणि उणं काय ते लेखी कळवतं. मग रुग्णालयातलं पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा, यांतलं एक करावं लागतं. ते होईपर्यंत ती सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचाच मिळतो. कामही वेगळं असतं. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं हे नातेवाईक किंवा आया करतात. तिथे हे परिचारिकेचं मूळ काम मानलं जातं आणि त्याची रीतसर नोंद ठेवावी लागते. अतिदक्षता विभागात काम केलेल्या मुलीला सकाळच्या पाळीत आधी वृद्धांना उठवून, धुऊन, कपडे घालून द्यावे लागले, की ते मनाला लागतं. ही गोष्ट तिला इथेच, करारावर सही करण्याआधी, कुणीतरी स्पष्ट सांगितली पाहिजे.

जर्मन किती यावं लागतं?

परिचारिकेच्या मान्यतेसाठी साधारणपणे बी२ पातळी लागते. शून्यापासून तिथवर जायला सहाशेहून अधिक तासिका धराव्यात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला दीड-दोन वर्षं सहज लागतात. 'तीन महिन्यांत बी२' असं सांगणारा क्लास फसवतो आहे, असं खुशाल समजावं. इंग्रजीवर चालणाऱ्या आयटी कंपन्या आहेत. पण घरमालक, दवाखाना, मुलांची शाळा आणि सरकारी पत्रं जर्मनमध्येच असतात. ब्लू कार्डवाल्याला बी१ येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. ए१वर थांबलं तर २७ महिने लागतात.

एजंटला किती द्यायचे?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्कालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. जर्मनीतली चांगली रुग्णालयं भरतीचा खर्च स्वतः उचलतात. चार-पाच लाख मागणाऱ्यापुढे शेत गहाण टाकण्याआधी या गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात.

हातात किती पडतात?

महिना ४,००० युरो पगाराच्या अविवाहित माणसाची २०२५मधली पगारपत्रिका पाहू. निवृत्तिवेतनाला ९.३ टक्के, आरोग्यविम्याला साडेआठ टक्क्यांच्या आसपास, बेकारी विम्याला १.३ टक्के, शुश्रूषा विम्याला मूल नसल्यास २.४ टक्के, आणि त्यावर आयकर. हातात येतात सुमारे २,६०० युरो. वसईतल्या कॅथलिक तरुणाने नोंदणीत धर्म लिहिला, तर चर्चकरही कापला जातो. या युरोंना थेट रुपयांच्या भावाने गुणू नये. त्यातून घरभाडं वजा करून मग बचत मोजावी. कापलेले पैसे वाया मात्र जात नाहीत. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे (२०१७पासून लागू) निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतला विम्याचा काळ एकत्र धरता येतो.

घर मिळतं का?

नोकरीपेक्षा घर मिळणं कठीण जातं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या नावाने नुसते नळ आणि वायरी असतात. ओटा, शेगडी, कपाटं आपण आणायची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. या नोंदणीवरच करक्रमांक आणि पुढची बरीच कामं अवलंबून असतात. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांची राहण्याची सोय नोकरी देणाऱ्या मालकाकडून करारात लिहून घ्यावी. नंतर तोंडी आश्वासन कामाला येत नाही.

कामाची रीत कशी?

वेळ पाळतात, चूक तोंडावर सांगतात आणि सुटी झाली की घरी जातात. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान २० दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. अनेक ठिकाणी ती तीसपर्यंत असते. परीविक्षेचा काळ सहसा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. आपल्याकडे न कळलेलं विचारायला माणूस कचरतो. तिथे न विचारता चूक करणं जास्त वाईट समजतात.

घरच्यांचं काय?

ब्लू कार्डवाल्याच्या पत्नीला किंवा पतीला येण्याआधी जर्मनच्या परीक्षेची अट नाही, आणि आल्यावर नोकरीही करता येते. तरी तिनेही इथूनच भाषा शिकून जावं. उच्चशिक्षित बाईला परक्या गावात दिवसभर घरी बसावं लागलं, तर चांगल्या पगाराचं घरही खायला उठतं. मुलांचं सरकारी शाळेतलं शिक्षण मोफत आहे आणि बालभत्ता २०२५मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता. आईवडिलांचा प्रश्न सगळ्यात अवघड. १ मार्च २०२४पासून पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना त्यांना बोलावून घेण्याची वाट उघडली आहे, पण त्यांच्या आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते आणि उतारवयात तो विमा महाग व दुर्मीळ असतो. त्यामुळे त्यांच्या आजारपणात इथे धावून कोण येईल, हे भावंडांनी आधी बसून ठरवावं.

या सगळ्या उत्तरांचा रोख एकच आहे. भाषा, कागद, करार आणि घरच्यांशी बोलणं ही चारही कामं महाराष्ट्रातच उरकायची आहेत. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या मुलीने कुठे शिकायचं? प्रत्येक जिल्ह्यात बी२पर्यंत नेणारे चांगले वर्ग, प्रमाणपत्रांच्या भाषांतराची आणि तपासणीची सोय, आणि करार वाचून दाखवणारा जाणता माणूस, एवढं सरकारने उभं करावं. किती जणांना पाठवलं याच्या आकड्यासोबत किती जणांना बी२पर्यंत नेलं आणि किती जणांना पूर्ण मान्यता मिळाली, हे आकडेही दरवर्षी जाहीर व्हावेत. ज्यांच्या भरवशावर हे करार होतात, त्या मुलामुलींचा तो हक्क आहे.